सव्वातीन मिनिटांचं दळण

भोराला लागून असलेल्या उत्रोलीच्या धोंडाबाईला सारं भोर 'यंत्रवाली' म्हणायचं. आता यंत्र म्हटलं की कुणाला शिवणाचं वाटेल, कुणाला पिठाचं. पिठाच्या यंत्राचं तर तिच्यापुढं नाव काढायची सोय नव्हती, बाई अंगावर यायची. तिचं यंत्र होतं सिनेमाचं. सही म्हणून अंगठा उठवणारी, काष्टा मारलेली, कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावणारी ही बाई भर बाजारात तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवलेल्या पेटीचा दांडा फिरवत उभी राहायची, आणि मधे कडमडणाऱ्याला "बाजूला सरक की रं, मुडद्या!" म्हणून झापायची. साल असेल चौतीस-पस्तीस. पुण्यामुंबईच्या शिकलेल्या बायासुद्धा जे करत नव्हत्या ते उत्रोलीची दळणवाली करत होती, आणि त्याचं तिला काहीएक वाटत नव्हतं.

ही विद्या तिला शिकवली कुणी म्हणाल, तर जात्यानं.

तिचं माहेर वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. बाराव्या वर्षी लग्न होऊन ती उत्रोलीला आली, आणि त्याच महिन्यात शेजारच्या घरात अंबूबाई नांदायला आली. दोघी एका वयाच्या, दोघींच्या सासवा एकीला झाकावं नि दुसरीला काढावं अशा. पहाटे एकाच जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या, एका खुंट्याला दोघींचे हात. आधी घरचं दळायच्या, पुढं भोरातल्या चार घरांची दळणं धरली, तिथंही जोडीनंच जायच्या. अशी वीस वर्षं गेली. जे नवऱ्याला सांगता येत नव्हतं ते धोंडाबाईनं जात्याला सांगितलं, आणि जात्याला म्हणजे काय, अंबूलाच सांगितलं.

मग भोरात तेलाच्या इंजिनावर चालणारी गिरणी आली. फुक-फुक करीत दिवसभर दळायची. एकेक घर तुटलं. त्यात अंबूबाईचा लेक ज्ञानू त्याच गिरणीत कामाला लागला. एक दिवस नदीवर धुणं धुताना धोंडाबाईचं डोकं फिरलं नि चार बायांच्या देखत ती बोलून गेली, "अंबे, तुझ्याच लेकानं माझ्या हातातला खुंटा काढून घेतला गं! त्या गिरनीचं पीठ जो खाईल त्येला राकेलचे ढेकर येतील!"

बाया हसल्या. अंबूबाई हसली नाही. ओलं धुणं न पिळताच तिनं टोपल्यात भरलं आणि चालती झाली. तेव्हापासून अबोला. मधे एक कुडाची भिंत, अलीकडं ठसका लागला तर पलीकडं ऐकू जावा, पण दोन सालं झाली, शब्द नाही. "म्या का जाऊ? तिला काय त्वांड न्हाई?" असं धोंडाबाई म्हणायची आणि भांडी आदळायची. खरं सांगायचं तर, तिला अंबू परत हवी होती, आणि ताठ मान खाली कशी घालावी हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आनंदराव मास्तर भोरच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. माणूस सज्जन, पण एक स्क्रू ढिला. पडद्यावरची चित्रं बोलायला लागली तशी मुक्या चित्रांची यंत्रं अडगळीत पडली. पुण्यातल्या एका बुडालेल्या कंपनीची चित्रं घ्यायची तसली पेटी मास्तरांनी उचलून घरी आणली. त्यांच्या बायकोनं, चंद्राबाईंनी, ती चारी बाजूंनी निरखली आणि विचारलं, "ह्यात तांदूळ किती मावतील?"

मास्तरांचा बेत मोठा होता. उत्रोलीतल्या एका दिवसाचा दहा मिनिटांचा सिनेमा काढायचा, पहाटेच्या दळणापासून तिन्हीसांजेच्या दिव्यापर्यंत, आणि माघात शाळेच्या गॅदरिंगला दाखवायचा. अडचण एकच होती, दांडा. पेटीचा दांडा सेकंदाला दोन फेरे फिरला पाहिजे, ना कमी ना जास्त. हात सावकाश पडला तर पडद्यावर माणसं पळत सुटतात, आणि भरभर फिरला तर गळ्याइतक्या पाण्यातून चालल्यासारखी चालतात. असा उलटा न्याय. मास्तरांचा हात चित्रं काढणारा, मनात येईल तसा वळणारा. रिकाम्या पेटीवर आठ दिवस घाम गाळला तरी त्याला चाल लागेना.

मास्तरांच्या पडवीत तेव्हा धोंडाबाई दळत होती. गिरणी आली तरी चंद्राबाईंनी थालिपिठाची भाजणी जात्यावरच ठेवली होती. गिरणीतली मास्तरांच्या घशाखाली उतरायची नाही. धोंडाबाई दळता दळता अंगणातलं ते घर्रर्र-खट ऐकत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"मास्तर, येक बोलू का?"

"बोला."

"आसल्या हातानं दळलं तर पीठ न्हाई पडायचं, भरडा पडंल."

मास्तर आधीच वैतागलेले. "एवढं कळतंय तर फिरवा तुम्ही!"

धोंडाबाईनं पदराला हात पुसले, पेटीपाशी आली आणि दांडा धरला. ओठातल्या ओठात एक ओवी धरली नि फिरवायला लागली. मास्तरांनी सहज घड्याळ काढलं. मिनिटाला एकशेवीस फेरे. पुन्हा मोजले, एकशेवीस. तिसऱ्यांदा मोजले आणि घड्याळ कानाला लावून बघितलं, चालतंय की बंद पडलंय.

"कसं केलंत हो हे?"

"त्यात काय करायचंय? जात्याच्या येका फेऱ्याला ह्येचे दोन बसत्यात."

"उद्यापासून यंत्र तुम्ही फिरवणार!"

"आणि भाजणी?" आतनं चंद्राबाईंचा आवाज आला.

"भाजणी जाऊ दे गिरणीत!" मास्तर ओरडले. गिरणीचं नाव निघूनही धोंडाबाई त्या दिवशी भडकली नाही, इतकी ती खुशीत होती.

पहिली रीळ दोघांनी मोठ्या थाटात घेतली. नदीवरून पाणी आणणाऱ्या बाया घेतल्या, गुरं घेतली, रखमाजी पाटील काठी टेकत चावडीवर जातात ते घेतलं. फिल्म धुवायला पुण्याला गेली, पंधरा दिवसांनी आली. तंबूतला सिनेमा घेऊन गावोगाव फिरणारा मानसिंग तेव्हा भोरात होता, त्यानं पडद्यावर दाखवायचं आपलं हातानं फिरवायचं यंत्र आणलं नि स्वतःच चालवायला बसला. शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या, आणि भर दुपारी अर्धी उत्रोली आत दाटीवाटीनं बसली. धोंडाबाई सगळ्यात पुढं. अंबूबाई आलेली नव्हती.

सुरुवात झोकात झाली. चार बाया डोक्यावर हंडे घेऊन ठुमकत आल्या. "अगं बया, ही तर रतनबाई!" असा गलका झाला. आणि एकाएकी पडदा लख्खकन उजळला नि चौघी टुणकन पुढं उडाल्या. पाण्याचा थेंब सांडला नाही. परत ठुमकत चालल्या. दहाबारा पावलं झाली असतील नसतील, लख्ख, आणि परत टुणकन! म्हशी उडाल्या. पाटील तर चावडीपर्यंत सहा वेळा उडाले, काठीसकट. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते.

रखमाजी पाटील उठून उभे राहिले. "आनंदराव, म्या आसा चालतो व्हय?"

"मानसिंग, तुझा हात नीट चालव की!" मास्तर घाबरून ओरडले. मानसिंगाला राग आला. त्यानं स्वतःची एक रीळ चढवून दाखवली. तीत घोडा सरळ धावला आणि मारामारीसुद्धा शिस्तीत झाली. म्हणजे खोट घेणाऱ्याच्या हातात होती. धोंडाबाई खाली मान घालून बाहेर पडली. गावात पोरं दोन दिवस दहा पावलं चालून एक उडी मारत होती, आणि तिला बघून जरा जास्तच मारत होती.

दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ती चंद्राबाईंकडं राहिलेली भाजणी दळायला बसली. ओवी धरली, जातं लागलं फिरायला. ओवी सरली, डावा हात सुपात गेला, मूठभर घास उचलला, जात्याच्या तोंडात टाकला. पुन्हा ओवी, पुन्हा घास. आणि तिसऱ्या घासाला धोंडाबाई जागच्या जागी थबकली. पिठाच्या हातांनी तशीच उठून अंगणात पळाली.

"मास्तर, घावला! चोर घावला!"

"कोण चोर?"

"ह्यो माझा डावा हात!" तिनं तो वर धरून दाखवला. "ओवी सरली की ह्यो मेला घास भरवायला जातो, आन् त्या टायमाला उजवा हात इवलासा ढिला पडतो. वीस वर्सं तेच केलंय. पेटीला घास लागत न्हाई ह्ये मला ठावं, पर हाताला कुठं ठावं? म्या तुमच्या पेटीला दळान भरवीत हुते हो!"

चंद्राबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी कागद पुढं ओढून ओवीला किती सेकंद लागतात ते मांडलं आणि पाटलांच्या उड्यांशी ताळा घातला. बरोब्बर जुळलं, हात ढिला पडला की पेटीत उजेड जास्त शिरायचा नि माणसं उडायची.

उपाय धोंडाबाईनंच काढला. डावा हात पदरानं कमरेशी बांधून टाकायचा. महिनाभर ती रोज रिकामी पेटी अशी बांधल्या हातानं फिरवायची. ओवी सरली की तो हात बांधलेल्या वासरासारखा हिसका द्यायचा. "गप ऱ्हा, भाड्या, हितं सूप न्हाई," असं ती त्याला दटावायची. हळूहळू हिसके थांबले. पुढची रीळ धुऊन आली, तीत माणसं माणसांसारखी चालली. रखमाजी पाटलांना पुन्हा घेतलं. पाटील खूश झाले आणि म्हणाले, "आता कसं, चाल दिसतीय!"

हात बसला तशी तिला जीभ फुटली, म्हणजे होतीच, ती आता सिनेमात चालायला लागली. मास्तर पेटी लावायचे, चौकट ठरवायचे, आणि ही बाजूनं बोलायची. "मास्तर, भात झोडनाऱ्याचं त्वांड काय बगायचं? पेंढी वर जाती तवा बगा." मास्तर आधी चिडायचे, मग बघायचे, मग पेटी हलवायचे. ऊन पाठीशी घ्यायचं, सावली आपल्या पायाशी आली की थांबायचं, माणूस चौकटीत यायच्या आधीच दांडा सुरू करायचा, हे तिनं चुका करून करून शिकून घेतलं. दोघंही नवशिकेच. एकदा मास्तर भिंगाचं झाकण काढायलाच विसरले आणि तिनं इमानानं चार मिनिटं काळोख दळला.

पौष उजाडला. सिनेमा सगळा झाला, राहिलं होतं फक्त दळण, म्हणजे दिवसाची सुरुवातच. फिल्म उरली होती दोनशे फूट. सव्वातीन मिनिटं, त्याच्यावर एक क्षण नाही, आणि नवीन आणायची मास्तरांची ऐपत संपलेली. पहिल्याच दिवशी मास्तरांनी कागदावर चित्र काढून ठेवलं होतं: एक जातं, समोरासमोर दोन बाया, एका खुंट्याला दोघींचे हात. पण दळणारी मिळेना. अर्धं गाव गिरणीवर जात होतं, उरलेल्या बाया लाजत होत्या. फिरून फिरून एकच नाव येत होतं. शेवटी चंद्राबाई स्वतः उत्रोलीला जाऊन अंबूबाईला भेटून आल्या.

"दळीन की," अंबूबाई म्हणाली होती. "पर समोर कुनी नको."

"बरं. आणि यंत्र धोंडाबाई फिरवणार आहे हं, आधीच सांगते."

अंबूबाईनं हातातलं सूप जरा जोरानं पाखडलं. "फिरवंना का. म्या जात्याकडं बगंन, ती पेटीकडं बगंल."

हे ऐकल्यापासून धोंडाबाईचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. हात कापला तर मास्तरांचा सिनेमा बुडेल ही भीती होतीच. पण खरी धास्ती वेगळी होती. अंबू येईल, समोर बसेल, सव्वातीन मिनिटं दळेल आणि उठून जाईल. आज बोलली नाही, तर मग कशाला बोलेल? मग जन्माचंच तुटलं.

घरात उजेड पुरेना म्हणून मास्तरांनी पडवीतलं जातं चौघांकडून उचलून अंगणात आणवलं. पहाटेचं दळण भर बारा वाजता. अंबूबाई आली, उन्हातलं जातं बघून म्हणाली, "ह्या टायमाला दळायला बसले तर लोक म्हनतील अंबीचं डोस्कं फिरलं." हे ती चंद्राबाईंना म्हणाली. धोंडाबाईकडं तिनं पाहिलं नाही. सूप डाव्या अंगाला घेतलं, एक पाय लांब केला, खुंटा धरला. समोरची जागा मोकळी.

"ओवी खुशाल म्हणा हं," मास्तर म्हणाले. "ह्यात आवाज येत नाही, नुसते ओठ हललेले दिसतात. धोंडाबाई, चला!"

धोंडाबाईनं दांडा फिरवायला घेतला. जातं घरघरलं. आणि अंबूबाईनं, नजर जात्यावरनं न हलवता, गळा काढला:

*समोरची जागा बाई, दोन सालं ओस ऱ्हाई,*
*खुंट्याला दुसरा हात, धुंडून घावत न्हाई.*

धोंडाबाईनं कान टवकारले. दोन वर्षांनी तो आवाज तिच्यासाठी उमटला होता. अंबूबाईनं घास टाकला आणि दुसरी ओवी धरली:

*लेक माझा गिरनीत, त्येचा काय गं गुन्हा?*
*बोल तुझा सलतो, काळजात पुन्हापुन्हा.*

आता डोळे भरले. पुसायचे कशानं? डावा हात कमरेला बांधलेला, उजवा दांड्यावर. पाणी गालावरनं हनुवटीपर्यंत ओघळलं तसं ओघळू दिलं. हात मात्र सेकंदाला दोन फेरे, कापला नाही. दटावून दटावून त्याला वळण लावलं होतं, ते आज कामी आलं. पण हात अडकले म्हणून गळा थोडाच अडकलाय! तिनंही ओवी धरली, आणि ती धरताना दोन सालांची ताठ मान आपोआप खाली आली:

*जिबंला न्हाई हाड, घसरून गेली बाई,*
*लेकराच्या भाकरीला, नख लावायची न्हाई.*

अंबूबाईनं पहिल्यांदा वर पाहिलं, थेट पेटीकडं. "वा, वा, बघा, बघा इकडंच," मास्तर पुटपुटले. त्यांचं सारं ध्यान घड्याळात, एकशेवीस, एकशेवीस. ओव्यांत काय चाललंय ते त्यांच्या गावीही नव्हतं. चंद्राबाईंना मात्र पहिल्याच ओवीला उमगलं होतं. त्यांनी दारात उभ्या उभ्या पदर तोंडाला लावला होता.

*धोंडे तुझं त्वांड, आकाडाचं आभाळ,*
*गरजतं लई, आत लोन्याहून मवाळ.*

म्हणता म्हणता अंबूबाईला हसू फुटलं. हसता हसता तिचेही डोळे वाहायला लागले. धोंडाबाईनं शेवटची ओवी उचलली:

*अंबू माझ्या सये, सोड आता गं अबोला,*

इथं तिच्या हाताला दांडा एकदम हलका लागला. फिल्म सरली. "थांबा, थांबा, संपली!" मास्तर ओरडले. रिकामं जातं फिरवू नये म्हणतात, अपशकुन असतो. धोंडाबाईला ते ठाऊक होतं. तरी अर्धी ओवी उरली होती, आणि ती पुरी केल्याशिवाय तिनं दांडा सोडला नाही:

*चल माझ्या घरला, गुळाचा च्या करते तुला.*

मग तिनं डाव्या हाताची गाठ सोडली, पदरानं तोंड पुसलं, अंगण ओलांडलं आणि जात्यासमोरच्या मोकळ्या जागेवर बसली. खुंट्यावर हात ठेवला. अंबूबाईनं सूप मधे सारलं.

"नीट धर की. दोन सालात इसरलीस व्हय?"

"इसरंल तुझी सासू!"

दोघी खो-खो हसल्या आणि जातं परत सुरू झालं. मास्तर पेटीचं दार उघडून आत बघत होते, ते आवाज ऐकून वळले आणि बघतच राहिले. एक जातं, समोरासमोर दोन बाया, एका खुंट्याला दोघींचे हात, वरून लख्ख ऊन, आणि दोघींच्या गालांवर पीठ नि पाणी. त्यांनी कागदावर काढून ठेवलेलं तेच चित्र. आणि पेटीत बोटभर फिल्म नव्हती.

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, हेच पाहिजे होतं मला! अगदी हेच!"

"मग बघा की," चंद्राबाई म्हणाल्या. "डोळे दिलेत ना देवानं?"

मास्तरांनी भिंगावर झाकण घातलं, पायरीवर बायकोशेजारी टेकले, आणि सुपातला शेवटचा घास सरेपर्यंत बघत बसले.